माळढोक, शेतकरी आणि कायदा: भार कोणी वाहायचा?



मागच्या हिवाळ्यात एका मंडळीच्या शास्त्राभ्यासाला बसलो होतो. विषय होता सृष्टीची राखण. देवाने निर्माण केलेल्या पशुपक्ष्यांची आपण काळजी घेतली पाहिजे, यावर सगळ्यांचे एकमत झाले. तेवढ्यात सोलापूरकडून पाहुणे म्हणून आलेले एक वयस्क शेतकरी बंधू उठून उभे राहिले. ते म्हणाले, "पाखरू देवाचं, मान्य. पण त्याचं भाडं माझ्या एकट्याच्या रानानं किती दिवस भरायचं?"

क्षणभर कोणालाच उत्तर सुचले नाही. त्यांचा प्रश्न माळढोक पक्ष्याबद्दल होता. पण आपण ज्या आदिवासी वाड्यापाड्यांवर काम करतो तिथेही हाच प्रश्न वाघाच्या, बिबट्याच्या आणि अभयारण्याच्या नावाने विचारला जातो. म्हणून या अंकाच्या अभ्यासपाठासाठी तोच घेतला आहे. नामशेष होऊ घातलेल्या जिवाला वाचवायचे तर त्याची किंमत कोणी मोजायची, आणि कायद्याने ती कशी वाटून द्यायची?

कायदा काय सांगतो

पाया म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. तो संसदेने केलेला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राण्यांचे संरक्षण हे विषय समवर्ती सूचीत गेले. म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. अभयारण्य कुठे करायचे, त्याची हद्द कुठून कुठे न्यायची आणि नुकसानीची भरपाई किती द्यायची, यातला मोठा भाग राज्य सरकारच्या हातात असतो. म्हणून हा प्रश्न दिल्लीचा जितका आहे तितकाच मुंबईचाही आहे.

या अधिनियमातली दोन कलमे जमीनमालकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. अभयारण्य करण्याचा इरादा सरकारने अधिसूचनेने जाहीर केला, की कलम २० प्रमाणे त्या हद्दीतल्या जमिनीत नवा हक्क कोणालाही मिळवता येत नाही. अपवाद फक्त वारसाने किंवा मृत्युपत्राने येणाऱ्या हक्काचा. साध्या भाषेत, बापाचे शेत मुलाच्या नावावर होईल, पण मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी त्यातला एक एकर विकायला निघालात तर अडचण येईल.

अर्थात, कायद्याने शेतकऱ्याला कायमचे टांगून ठेवा असे सांगितलेले नाही. जिल्हाधिकाऱ्याने लोकांचे दावे ऐकावेत आणि कलम २४ प्रमाणे तीनपैकी एक मार्ग घ्यावा: ती जमीन हद्दीतून वगळावी, किंवा मोबदला देऊन संपादन करावी, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून मालकाचा हक्क पुढे चालू ठेवावा. पुढच्या एका दुरुस्तीने हे काम शक्यतो दोन वर्षांत पुरे करावे असेही म्हटले. मात्र ते वेळेत झाले नाही तरी अधिसूचना रद्द होत नाही. दुखणे नेमके इथेच आहे. चौकशी लांबली तर सरकारचे काही अडत नाही. अडते ते सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याचे.

नान्नजचा माळ

माळढोक हा मोठा, डौलदार पक्षी. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. तो झाडावर बसत नाही. उघड्या माळावर चालतो, टोळ, किडे आणि धान्य खातो, आणि जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो. कुत्र्याने ते फोडले, गुराच्या पायाखाली आले, की त्या विणीचा हंगाम वाया गेला. अशा पक्ष्याची संख्या एकदा घसरली की भरून यायला फार काळ लागतो.

त्याला वाचवण्यासाठी महाराष्ट्र सरकारने १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केले. हेतू चांगला होता. पण हद्द आखली गेली ती सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरची. सगळे गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे हे अभयारण्य गोव्याच्या दुपटीहून मोठे झाले. त्यात वनखात्याचे आणि सरकारी माळ तुकड्या-तुकड्यांनी होते. उरलेली बहुतेक जमीन लोकांची होती: पिकाखालची शेते, गावठाणे, बाजाराची गावे.

त्यानंतर जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवाना, बांधकाम, रस्ता, असे काहीही काढले की अभयारण्याचा शिक्का आडवा येऊ लागला. ज्या गावात कोणी कधी माळढोक पाहिला नाही तिथेही त्याच्या नावाने बोटे मोडली जाऊ लागली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने २०१२ च्या सुमारास हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. अधिसूचनेपासून तोवर तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. वर्षाच्या सालदारीची मुदत असते, कर्जाच्या हप्त्याची मुदत असते. या वाट पाहण्याला मुदत नव्हती.

मग पक्षी तरी वाचला का? इथे आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. नान्नज परिसरात पूर्वी माळढोकांचे थवे दिसत. गेल्या दशकात ते बोटांवर मोजण्याइतके राहिले, आणि मग एखादाच दिसला तरी बातमी होऊ लागली. देशभरात आज दीडशेहूनही कमी माळढोक उरल्याचे मानले जाते आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत.

कारणे अनेक आहेत. उजनीचे पाणी आले आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा वाढल्या, मोकाट कुत्री वाढली. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे त्याला चटकन वळता येत नाही, म्हणून तो तारांवर आदळतो. रब्बीची ज्वारी, करडई, हुलगा आणि मधूनमधून पडीक रान, ही जुनी शेती त्या पक्ष्याला मानवत होती. म्हणजे कोरडवाहू शेतकरी हा त्याचा खरा शेजारी होता.

आणि इथे कायद्याची गफलत दिसते. त्याने शेतकऱ्याला जमीन विकण्यापासून अडवले, पण ऊस लावण्यापासून अडवले नाही. जो शेतकरी ज्वारी पेरत राहिला आणि माळ पडीक ठेवत राहिला, त्याच्या हातावर कोणी चार पैसे ठेवले नाहीत. त्याला त्रास झाला, पण त्या त्रासातून पक्ष्याच्या पदरात काही पडले नाही. अन्यायाने निदान उद्देश तरी साधला असता तर वेगळी चर्चा करता आली असती. इथे दोघेही गमावून बसले.

न्यायाने हेही सांगायला हवे की नान्नजजवळ वनखात्याने राखलेल्या गवताळ पट्ट्यांमुळेच काळवीट आणि लांडगा अजून तिथे टिकून आहेत. संरक्षण व्यर्थ आहे असा या पाठाचा निष्कर्ष नाही.

कोणाचे म्हणणे लवकर ऐकले जाते

आणखी एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकाच्या क्षेत्रात विजेच्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सौर आणि पवन ऊर्जेचे मोठे प्रकल्प त्याच पट्ट्यात आहेत. खर्च आणि तांत्रिक अडचणी पुढे आल्यावर मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. स्वच्छ ऊर्जा ही देशाची गरज आहे, त्यामुळे त्या निर्णयाला बाजू नाही असे नव्हे. पण ऊर्जाक्षेत्राची अडचण तीन वर्षांत ऐकली गेली आणि करमाळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याची ऐकायला तीस वर्षे लागली. समतोल साधताना तराजूच्या पारड्यात कोण बसले आहे, हे पाहायला आपण शिकले पाहिजे.

शास्त्रातले तीन दाखले

पवित्र शास्त्रात हा विषय नाही असे वाटत असेल तर पुढचे तीन उतारे घरी शांतपणे वाचावेत.

पहिला अनुवाद २२:६-७. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर पिले घेण्याची मुभा आहे, पण पिलांबरोबर आईला धरायचे नाही, तिला सोडून द्यायचे. माणसाची गरज नाकारलेली नाही, पण तिला हद्द घातली आहे. आई जगली तर पुन्हा घरटे होईल. वापर करा, पण वंश तोडू नका, असा हा सरळ नियम आहे.

दुसरा निर्गम २३:१०-११. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. तिथे उगवेल ते आपल्या लोकांतल्या गरिबांनी खावे आणि उरेल ते रानातल्या जनावरांनी. गरीब माणूस आणि रानचा पशू यांची आठवण एकाच दमात ठेवली आहे. त्यांना एकमेकांचे वैरी केलेले नाही. आणि हा नियम एकाच शेतकऱ्यावर नव्हता. सगळ्या इस्राएलाने तो पाळायचा होता. भार सर्वांवर सारखा होता.

तिसरा १ राजे २१. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याने बदल्यात दुसरा मळा किंवा किंमत देऊ केली. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला, आणि पुढे काय घडले ते आपल्याला ठाऊक आहे. मोबदला देऊ केला म्हणजे 'नाही' म्हणण्याचा हक्क संपत नाही, हे त्या गोष्टीतून उघड होते.

मर्यादा, वाटून घेतलेला भार आणि संमती. या तीन कसोट्या हाती घेऊन आता आपल्या राज्यातली इतर उदाहरणे पाहू.

तणमोर आणि फासेपारधी

माळढोकाचा एक लहान भाऊबंद आहे, तणमोर. तोही गवताळ माळावर राहणारा आणि तोही नामशेष होण्याच्या टोकावर. पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावतो. अकोला आणि वाशिम भागात तो अजून दिसतो.

याच भागात फासेपारधी समाज राहतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा समाजांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली पुसला गेला, पण संशय आजही त्यांची पाठ सोडत नाही. फासे लावून तितर-लावे धरणे ही त्यांची परंपरा. वन्यजीव कायदा आला आणि त्यांची उपजीविकाच गुन्हा ठरली. त्यांच्या नावावर जमीनही नव्हती. त्यामुळे भरपाई मागायची तर कशाची?

पण कोणता पक्षी कुठे उतरतो, कोणत्या गवतात वीण घालतो, कोणत्या हाकेला साद देतो, याची त्यांच्याइतकी जाण कोणाला असणार? हे ओळखून काही कार्यकर्त्यांनी त्यांच्याबरोबर काम सुरू केले. पारधी वस्त्यांतले वडीलधारे आणि तरुण तणमोराच्या नोंदी ठेवू लागले, गवताची कुरणे राखू लागले आणि चराई व शिकारीवर आपल्या आपण नियम घालू लागले. ज्याला कायद्याने आरोपी म्हणून पाहिले तोच राखणदार झाला. काम लहान आहे, अडचणी पुष्कळ आहेत, पण दिशा बरोबर आहे.

अधिनियमातही यासाठी वाट आहे. २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीतले कलम ३६ग सांगते की एखादी व्यक्ती किंवा समाज स्वखुशीने पुढे आला तर त्याच्या खाजगी किंवा सामाईक जमिनीवर 'समुदाय राखीव क्षेत्र' जाहीर करता येते. त्याच्या व्यवस्थापन समितीत गावचे प्रतिनिधी असतात. इथे सुरुवात सरकारी हुकमाने होत नाही, मालकाच्या होकाराने होते.

जंगलातली गावे

आपल्या कामाच्या क्षेत्रात यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो २००६ चा वनहक्क कायदा. वाघासाठी किंवा इतर वन्यजीवांसाठी गाव हलवायचे असेल तर या कायद्याच्या कलम ४(२) ने कडक अटी घातल्या आहेत. आधी त्या भागातल्या लोकांच्या वनहक्कांची नोंद पूर्ण झाली पाहिजे. माणसांच्या वावराने त्या जिवाला भरून न येणारी हानी होते आणि एकत्र राहण्याचा दुसरा मार्ग नाही, हे ठरले पाहिजे. ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण आणि लेखी संमती हवी. नव्या जागी ठरलेल्या सोयी झाल्याशिवाय कोणालाही हलवता येत नाही. आणि रिकामी झालेली जागा पुढे दुसऱ्या कोणत्याही कामासाठी देता येत नाही.

व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबासाठीचे साहाय्य दहा लाखांवरून २०२१ मध्ये पंधरा लाख रुपये झाले. पण आकडा ऐकण्याआधी विचारायला हवे: ग्रामसभा खरोखर बसली होती का? कागद लोकांना कळेल अशा बोलीत वाचून दाखवला का? बायकांचे म्हणणे घेतले का?

हक्क मिळाले की लोक जंगल संपवतील, ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावकडे पाहावे. २०१२ साली या छोट्या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूतून गावाला काम मिळाले, मिळकत झाली. मग ग्रामसभेने तेंदूपाने तोडायची नाहीत असे ठरवले, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. हातचे उत्पन्न त्यांनी सोडून दिले. जंगलाचा एक भाग देवाच्या नावाने कायमचा राखूनही ठेवला. कोणी सक्ती केली नव्हती. जे आपले आहे ते माणूस राखतो.

भरपाई किती पुरते?

नुकसान भरून देणे हा भार वाटून घेण्याचा एक मार्ग आहे. कोकण किनाऱ्यावर डिसेंबर २०१८ पासून एक चांगली योजना आहे. कासव, डॉल्फिन किंवा देवमासा जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. कोळ्याचे जाळे म्हणजे त्याचे शेतच. त्याने जीव वाचवला आणि समाजाने त्याचे नुकसान उचलले, हा सरळ व्यवहार आहे.

जमिनीवरही राज्याने वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास द्यायची मदत २०२३ मध्ये पंचवीस लाख रुपये केली आणि भरपाई वेळेत द्यावी यासाठी कायदाही केला. तरी डोंगरातल्या पाड्यावर परिस्थिती वेगळी असते. पंचनाम्याला माणूस वेळेवर येत नाही. जमीन आजोबांच्या नावावर, वनपट्ट्याचा दावा अडकलेला, बँकेचे खाते बंद पडलेले. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यापर्यंत कायद्याची दया पोचत नाही. आपल्यासारख्यांचे काम इथेच आहे.

आपण काय करू शकतो

आपल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक वस्तीत वनहक्काच्या दाव्यांची यादी करावी. कोणाचा दावा मंजूर, कोणाचा अडकला, कोणी केलाच नाही, हे लिहून ठेवावे. जनावर दगावले किंवा पीक गेले तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावे, फोटो काढावा, पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. अर्ज भरायला शिकलेल्या मुलामुलींनी मदत करावी. पुनर्वसनाची किंवा नव्या अभयारण्याची बोलणी सुरू झाली तर ग्रामसभेने सही करण्याआधी जाणकार वकिलाला विचारावे.

शहरातल्या देणगीदार बंधुभगिनींसाठीही एक विनंती. वाघ पाहायला जंगलात जाल तेव्हा तिथून हलवलेल्या किंवा त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसांची चौकशी करा. आणि गावातल्या गाऱ्हाण्यांत सामील व्हाल तेव्हा मुक्या जिवाची बाजूही मांडा. त्याला अर्ज करता येत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. अनुवाद २२:६-७ मधली मर्यादा आपल्या भागातल्या कोणत्या व्यवहाराला लावता येईल: मासेमारी, मध, लाकूड, की आणखी काही?

२. आपल्या परिसरात वन्यजीव राखण्याचा भार सध्या कोण उचलत आहे? त्यातला कोणता वाटा आपण उचलू शकतो?

३. नाबोथाला किंमत देऊ केली होती, तरी तो अन्याय का ठरला?

त्या रात्री सोलापूरच्या बंधूंना आम्ही कोणतेही तयार उत्तर दिले नाही. बैठक संपल्यावर मी त्यांना विचारले, "तुम्ही स्वतः माळढोक पाहिलाय का?" ते हसले. म्हणाले, "लहानपणी रोज. ज्वारीच्या रानात आमच्या औतामागं चालत यायचा, किडे टिपायला. आजी म्हणायची, हाकलू नको, तो बी खातोय, आपण बी खातोय."

थोडे थांबून म्हणाले, "आता कुणी विचारलं असतं ना, की दोन एकर पडीक ठेव, आम्ही तुझं वर्षाचं बघतो, तर मी ठेवलं असतं. पण विचारलंच नाही कुणी."

प्रार्थनेत या दोघांचीही आठवण करू या: माळावरच्या त्या पाखराची, आणि ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांची.